गृहकर्जाचा हप्ता चालू असताना घर हसतं कसं ठेवायचं? (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्यांसाठी)

वडगाव_हातमाग

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून. शेजारच्या कन्नड घरातही तेच ऐकू येतं: मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु. बांधकाम आणि लग्न, दोन्हींवर दोन्ही भाषा बोलल्या. पण वास्तुशांतीनंतर वीस वर्षं चालणाऱ्या हप्त्याबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. तो विषय इथे घेऊ. कुठली बँक स्वस्त हे इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.

सगळ्यांचे हिशेब जुळावेत म्हणून एकच उदाहरण धरू. कर्ज २५ लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो २१,६९६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजाचे, मुद्दल फिटली ती ३,९८८. वर्षभरात भरले २ लाख ६० हजार, मुद्दल उतरली ५० हजारांना थोडी कमीच. पासबुकात नुसते गेलेले पैसे दिसतात, म्हणून दुसऱ्या वर्षीच घरातल्यांचा उत्साह मावळतो.

यावर नकाशाची युक्ती फार चांगली चालते. घर १००० चौरस फुटांचं धरलं तर २५ लाखांच्या हिशेबाने २,५०० रुपये मुद्दल म्हणजे एक चौरस फूट. ए-थ्री कागद घ्यायचा, त्यावर एक सेंटिमीटरचे २५ बाय ४० चौकोन नीट बसतात. त्यात आपल्या घराच्या खोल्या आखायच्या आणि दर महिन्याला जेवढी मुद्दल फिटली तेवढे चौकोन रंगवायचे. पहिल्या महिन्यात दीड चौकोन, म्हणजे उंबऱ्याशी चपला काढायची जागा. वर्षाअखेर जेमतेम २०, म्हणजे चार बाय पाचची मोरी. हसू येतं, पण त्या हसण्यातच घरातल्या सगळ्यांना व्याज कळतं.

खानापूर_जांभा

युक्ती आवडली. दोन शंका. कुठली खोली आधी रंगवायची? आणि कर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्केच असेल तर नकाशा पुरा कर्जाचा कसा?

शहापूरची_काकी

दुसऱ्या शंकेचं आधी. २५ टक्के पदरचे घातले असतील तर तेवढे चौकोन पहिल्याच दिवशी रंगवून टाकायचे. किंमत भागिले चौरस फूट हा आपला दर. ३३ लाख ३३ हजारांचं १००० फुटी घर असेल तर चौकोन ३,३३३ रुपयांचा होतो आणि २५० चौकोन आधीच आपले. पदरचे पैसे नकाशात दिसलेच पाहिजेत, ते मिळवायला घरातल्यांनी कमी कष्ट केलेले नसतात.

खोलीचं म्हणाल तर देवघर पहिलं. तीन बाय तीनचं देवघर म्हणजे ९ चौकोन, २२,५०० रुपये. वडगावकरांच्या उदाहरणात ते सहाव्या हप्त्याला सुटतं. सहा महिन्यांत एक जागा पूर्ण आपली झाली की घर पुढचं वाट बघायला तयार होतं. त्यानंतर आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, ८० चौकोन. ते मात्र नुसत्या हप्त्यांवर ४८व्या महिन्यात सुटतं बगा. चार वर्षं. स्वयंपाकघर बँकेचं आणि भाकरी आपली, असं मुलं चार वर्षं म्हणत राहतात.

टिळकवाडी_हिशेबनीस

काकींच्या ४८ महिन्यांना धरून पुढचा हिशेब. पहिलं वर्ष संपता एक लाख रुपये जास्तीचे मुद्दलीत भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर स्वयंपाकघर ४८ऐवजी २६व्या महिन्यात सुटतं. त्या एका लाखाने शेवटचे २१ हप्ते कमी होतात. तोच एक लाख पंधरा वर्षांनी भरला तर फक्त ७ हप्ते कमी होतात. जास्तीचे पैसे आधी भरण्यात काय आहे ते या दोन आकड्यांत आलं.

आणखी एक, नकाशा लावणाऱ्यांनी हे मुलांना आधीच सांगून ठेवावं: अर्धं घर म्हणजे ५०० चौकोन रंगायला १६६ हप्ते लागतात, उरलेले ५०० अवघ्या ७४ हप्त्यांत. सुरुवात मुंगीसारखी आहे म्हणून रंग टाकून देऊ नये.

लाख एकदम जमत नसतील तर वर्षाला एक जादा हप्ता भरला तरी कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास आटोपतं.

निपाणी_पेठ

जादा पैसे भरताना चुका होतात त्या लिहितो, कारण पैसे भरूनही चौकोन न रंगल्याच्या तक्रारी याच कारणांनी येतात.

नुसते कर्जखात्यात पैसे टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहतात. मुद्दल उतरत नाही. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्यायचा, त्यात तीन गोष्टी हव्यात: ही रक्कम मुद्दलीत वळती करावी, हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. आठ दिवसांनी हप्त्यांचा नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख मागे आली का ते बघा. तारीख तीच आणि हप्ता कमी झालेला दिसला तर समजा, मुदतीऐवजी हप्ता घटवला. लगेच दुरुस्ती मागा.

ॲपवरून भरत असाल तर शेवटच्या पायरीला मुदत की हप्ता असं विचारतात. घाईत तिथे चुकतं.

दंडाची भीती नको. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लावता येत नाही; रिझर्व्ह बँकेने बँकांना हे २०१२ मध्येच सांगितलं. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारपत्र वाचा.

आणि मार्चची वाट बघू नका. व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जात असेल, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तर पैसे आले त्या आठवड्यात भरलेले बरे.

हिंडलगा_माळ

पण आधी गाठीला काही नको का? नुकतं घर झालेलं, लगेच सगळं बँकेत ओतलं आणि आजारपण आलं तर?

टिळकवाडी_हिशेबनीस

बरोबर आहे, क्रम तोच. आधी सहा हप्त्यांएवढे, म्हणजे या उदाहरणात १ लाख ३० हजार, अडीअडचणीसाठी बाजूला. मग जादा भरणा. मुदतीआधी भरलेले पैसे साध्या कर्जात परत काढता येत नाहीत. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात काढता येतात, पण तिथे व्याजदर सहसा थोडा जास्त असतो.

शहापूरची_काकी

जमवण्यासाठी आपल्याकडची पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायचं बचत खातं, चांगली आहे. रोज १०० रुपये म्हणजे वर्षाला ३६,५००, साडेचौदा चौकोन. दुकानदार आणि मागवाल्यांच्या घरात महिन्याचा ठरलेला पगार नसतो, त्यांना रोजचीच सवय सोसते. फक्त पिग्मीवरचं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असतं, म्हणून ती वर्षानुवर्षं साठवू नये. मुदत पूर्ण झाली की उचलून मुद्दलीत. मधेच मोडली तर कापून घेतात, हे खातं उघडतानाच विचारून घ्या. भिशीचं मात्र ओळखीतल्या, लहान गटापुरतंच ठेवा.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये घरातल्या बाईच्या नावाने ज्या घरात येतात तिथे वर्षाचे २४,००० म्हणजे साडेनऊ चौकोन. घरातल्या बाईच्या नावाने एक कोपरा नकाशावर वेगळ्या रंगाने करावा. तो कोपरा तिचा. मात्र बाई किंवा नवरा आयकर भरत असेल तर ही योजना लागू नाही. आणि हे पैसे हप्त्यासाठी धरू नयेत, फक्त जादा भरण्यासाठी. जमा व्हायची तारीख पुढेमागे झाली तर हप्ता परत जाईल.

कॅम्प_कॉर्नर

हप्ता परत जाण्याबद्दल थोडंसं. खात्यातून हप्ता सकाळीच वळता होतो, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळी हवेत. ५ तारखेला हप्ता आणि ७ला पगार असं असेल तर बँकेला तारीख बदलून मागा. हप्ता परत गेला तर दोन्हीकडून दंड लागतो, बचत खात्याची बँकही घेते आणि कर्ज देणारीही, वर क्रेडिट अहवालात नोंद. हप्त्याचं खातं वेगळं ठेवावं, त्याचं एटीएम कार्ड कपाटात. बाजाराच्या पिशवीत ते कार्ड गेलं की शनिवारच्या बाजारात मासे, नारळ, मुलांचं काहीतरी असं करत हप्ता हलका होतो.

अनगोळ_वाटेवर

विजेचं बोला ना कुणी. गृहज्योती या राज्याच्या मोफत विजेच्या योजनेत महिन्याला २०० युनिटच्या आत राहायची घरोघर कसरत चालू असते.

निपाणी_पेठ

नियम आधी नीट. तुमच्या घराला ठरवून दिलेल्या युनिटपर्यंत बिल शून्य. त्याच्या वर पण २०० च्या आत असेल तर फरकाचे पैसे. २०० ओलांडले तर सगळ्या युनिटचं बिल. म्हणजे २०१वं युनिट सगळ्यात महाग.

चार माणसांच्या घरात महिन्याचं साधारण असं होतं. दोन किलोवॅटचा गिझर रोज पाऊण तास, ४५ युनिट. फ्रिज ३० च्या आसपास. साधे ७५ वॅटचे तीन पंखे आठ तास, ५४. एक एचपीचा पंप रोज तासभर, २२. दिवे आणि टीव्ही ३०, इस्त्री-मिक्सर १५. बेरीज १९६. काठावर! पाहुणे चार दिवस राहिले की गेलं.

यात सोपी सुटका पंख्यांत आहे. ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे लावले तर ५४ चे २२ होतात, ३२ युनिटांची मोकळीक. गिझरला टायमर लावायचा आणि सगळ्यांनी लागोपाठ अंघोळ उरकायची. एकेकाने तासातासाने केली की टाकी पुन्हा पुन्हा तापते. परड्यात जागा असेल तर बंब पेटवावा, डिसेंबरच्या थंडीत त्याची उबही मिळते. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस रीडिंगला येण्याच्या आठवडाभर आधी मीटर बघून ठेवा, तोवर हात आखडता घेता येतो.

शहापूरची_काकी

घरखर्चात खरा गोंधळ मे-जूनमध्ये होतो. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, छत्र्या आणि वर्षाची बेगमी, सगळं एकदम. बेगमी सोडू नका, रविवार पेठेत एकदम घेतलेलं धान्य महिन्याच्या किराण्यापेक्षा स्वस्तच पडतं. पण त्याचे पैसे दिवाळीपासून थोडे थोडे वेगळे काढा, नाहीतर मे महिन्याचा हप्ता उसना काढावा लागतो. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली तर ५ टक्के सूट मिळते, तीही यादीत धरा.

बेगमी खराब झाली तर वाचवलेलं सगळं पाण्यात. आपल्याकडचा पाऊस दमट, हवा चार महिने ओली. संकेश्वरी असो की ब्याडगी, मिरचीचं देठ काडकन मोडेपर्यंत ऊन द्या. वाकलं तर अजून ओल आहे. तिखट बरणीत दाबून भरताना मधे मधे खडेमीठ आणि वर हिंगाचा खडा. तूरडाळीला किलोला एक चहाचा चमचा एरंडेल चोळा. जास्त झालं तर डाळ शिजताना फेस आणि वास येतो, कमी पडलं तर श्रावणात पोरकिडे. तांदूळ उन्हातून आणल्या आणल्या डब्यात भरू नका, रात्रभर गार होऊ द्या. गरम भरले की झाकणाला आतून पाणी धरतं आणि जाळी होते.

खानापूर_जांभा

बांधकाम अजून चालू आहे अशांसाठी. बँक पैसे टप्प्याने देते: जोतं, लिंटल (दारं-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब, गिलावा, शेवटचं काम. प्रत्येक टप्प्याला बँकेचा इंजिनियर येऊन बघतो. घर पूर्ण होईपर्यंत उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरावं लागतं, मुद्दल काहीच फिटत नाही. १० लाख उचलले असतील तर महिन्याला ७,०८३ रुपये.

खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर काम चालतच नाही म्हणा. चार महिन्यांत २८ हजार गेले आणि एक चौकोन रंगला नाही. म्हणून स्लॅबचा टप्पा उचलण्याआधी कॅलेंडर बघा. स्लॅब ओतून सेंटरिंग काढेपर्यंत दोन-तीन आठवडे धरा. मेच्या मध्यापर्यंत स्लॅब पडणार नसेल तर ते पैसे दसऱ्यानंतर उचला. जांभा दगड, वाळू मात्र पावसाआधी आणून ठेवा, पावसात चिऱ्याच्या खाणीतून गाड्या निघत नाहीत.

हिंडलगा_माळ

व्याजदर वाढला की नकाशाचं काय होतं?

टिळकवाडी_हिशेबनीस

रंगायचा वेग पडतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा बऱ्याच घरांत हप्ता तोच राहिला, म्हणून कुणाला जाणवलं नाही. मुदत मात्र आतल्या आत वाढली. आपल्या उदाहरणात एका वर्षानंतर दर ८.५ चा ९ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २३ हप्ते वाढतात. हप्त्यात ७७० रुपये वाढवले तर एकही वाढत नाही.

ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. मेसेज आला की न वाचता पुसू नका. आणि दर उतरला की हप्ता कमी करून घेऊ नका, तोच चालू ठेवा. तिथे न मागता चौकोन मिळतात.

कर्जाबरोबर विमा दिला असेल तोही तपासा. ७५,००० चा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला तर महिन्याला ६५१ रुपये वाढतात, वीस वर्षांत तो विमा १ लाख ५६ हजारांना पडतो. कर्जाएवढा विमा कमावत्या माणसाचा हवाच. तो वेगळा टर्म प्लॅन घेऊन वर्षाला भरावा, त्याच बँकेकडून घ्यायची सक्ती करता येत नाही.

अनगोळ_वाटेवर

कागद कन्नडमध्ये येतात, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवताना अडतं. नेहमीचे शब्द कुणी लिहाल का?

वडगाव_हातमाग

साल म्हणजे कर्ज. मराठी कान त्याला वर्ष समजतो, म्हणून 'साल तीरिदे' म्हटलं की वर्ष संपलं असं वाटतं; खरं तर कर्ज फिटलेलं असतं, पेढे वाटायची वेळ. असलु मुद्दल, बड्डी व्याज, कंतु हप्ता, अडमान म्हणजे गहाण. आस्ति तेरिगे ही घरपट्टी. ऋणभार प्रमाणपत्र म्हणजे ज्याला आपण ईसी म्हणतो ते, मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे हे सांगणारं.

हे शब्द कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवले की आजीसुद्धा पावती वाचते.

कॅम्प_कॉर्नर

नकाशा फ्रिजवर लावू नये असं वाटतं. येणारा जाणारा विचारतो, मग चर्चा आपल्या कर्जाची. कपाटाच्या दाराला आतून लावा. मुलांना चौकोन दाखवा, पण आज बिस्किटाचा पुडा आणला म्हणून चौकोन गेला असं म्हणू नका.

शहापूरची_काकी

कॅम्पवाल्यांशी सहमत. खोली सुटली की त्या दिवशी गोड करायचं, एवढा नियम पुरे. देवघर सुटलं तर शिरा, स्वयंपाकघर सुटलं तर पाव किलो कुंदा. त्याचे पैसे कुणी मोजू नयेत.

हिंडलगा_माळ

शेवटचा प्रश्न. सगळे चौकोन रंगले की काय काय करायचं?

निपाणी_पेठ

शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी बँकेकडून कर्ज बंद करण्याची रक्कम लेखी मागा. त्यावर तारीख असते, त्यानंतर भरलं तर रोजचं व्याज वाढतं आणि शंभर-दोनशे रुपये राहून खातं उघडं राहतं. पैसे भरल्यावर कर्ज फिटल्याचं पत्र, ना हरकत दाखला आणि मूळ कागद घ्या. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपलेली असेल तर एकेक ताडून घ्या, खरेदीखताची पानंसुद्धा मोजा. डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाने मूळ कागद ३० दिवसांत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

गहाणखत नोंदवलेलं असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीत ते सोडवल्याची नोंद करून घ्यावी लागते, ती बँकेच्या सहीशिवाय होत नाही. मग नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर नवी ईसी काढून बघा. शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावरचा बोजा कमी झाला का पाहा. गावाकडे पहाणीच्या (कर्नाटकातला सातबारा) ११व्या रकान्यात बँकेचं नाव राहून जातं आणि पुढे वाटणीच्या वेळी अडतं, तिथे बँकेचं पत्र जोडून अर्ज द्या.

आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करायची परवानगी त्याच दिवशी रद्द करा, नाहीतर पुढच्या ५ तारखेला आणखी एक हप्ता जातो आणि परत मिळवायला फेऱ्या होतात.